निवेदनातून स्टँडअपकडं उलटा रस्ता आहे का? (कराड-सांगली-सातारा मंडळी, सांगा)

खेळवाला_कराड

राम राम मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी कराडचा. पोट निवेदनावर. पैठणीचे खेळ, हळदीकुंकू, शाळांची गॅदरिंग, गणपतीत ऑर्केस्ट्रा, अधूनमधून बैलगाडा शर्यतीचं समालोचन. २००४ ला आदेश बांदेकरांनी 'होम मिनिस्टर' चालू केलं आणि बघता बघता आपल्याकडं तालुक्या-तालुक्यात भावोजी तयार झाले. त्यातलाच मी एक. मूळ कार्यक्रम २०२२ ला थांबला, आम्ही काय थांबलो नाही.

सीझन ठरलेला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दम खायला वेळ नसतो, मग महिला दिन, मग डायरेक्ट गणपती-नवरात्र. पितृपक्षात सुपारी नाही. निवडणूक जवळ आली की साहेब लोकांचे फोनावर फोन, आणि आचारसंहिता लागली की त्याच तारखा एका दमात रद्द. बक्षिसं वाटता येत नाहीत म्हटल्यावर खेळ कसला!

आता मुद्दा. पुण्यातल्या मित्रानं मला एका ओपन माइकला (कुणीही नाव देऊन स्टेजवर थोडा वेळ विनोद करून बघतो तो कार्यक्रम) उभं केलं. इथं कोरेगावच्या मैदानावर बाया पदर तोंडाला लावून हसतात तेच सगळं तिथं टाकलं. पहिलं मिनिट बरं गेलं. पुढं पोरं मोबाईल बघाय लागली.

कपिल शर्मा आधी स्टँडअपवाला, मग निवेदक, मग स्वतःचा शो. माझं उलटं झालंय. आधी निवेदक, आता स्टँडअप करावं वाटतंय. असा उलटा गेलेला कुणी आहे का? का आपलं गप पैठणीच वाटत बसू?

हळदबाजार

पैठणी वाटून झाली की एक इकडं सांगलीला पाठवा, मग सांगतो.

वाकडी_वाट

हळदबाजार, गप ओ.

खेळवाले दादा, कपिलचा रस्ता तुम्ही म्हणता तेवढा सरळ नव्हता. जरा सविस्तर लिहितो, कारण त्यात तुमच्या कामाचं बरंच आहे.

अमृतसरचा पोरगा, वडील पंजाब पोलिसांत हेड कॉन्स्टेबल. कॉलेजात नाटकं, युथ फेस्टिव्हल. २००७ ला 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चं तिसरं पर्व जिंकला. ही स्पर्धा २००५ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या पर्वाचा विजेता आपल्या हिंगणघाटचा सुनील पाल होता, आणि राजू श्रीवास्तव न जिंकताही घराघरात पोचला. लोक हे विसरतात. स्पर्धा जिंकणं म्हणजे करिअर नव्हे. त्या पर्वांतली कितीतरी नावं आज आठवणार पण नाहीत.

जिंकल्यावर कपिलला लगेच शो मिळाला का? नाही. 'कॉमेडी सर्कस'मध्ये तो वर्षानुवर्षं जोडीदाराबरोबर स्किट करत राहिला. स्वतःचं नाव लावलेला 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' आला जून २०१३ मध्ये. मधली सहा वर्षं कुणी मोजत नाही. त्या सहा वर्षांत तो दोन गोष्टी शिकला असं मला वाटतं: दर आठवड्याला नवं करायचं, आणि समोरच्याला टाळी घेऊ द्यायची.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. त्या शोमध्ये खरा हशा कुणाला होता? सुनील ग्रोव्हरच्या गुत्थीला, अली असगरच्या दादीला, किकू शारदाच्या पलकला. कपिल मध्ये उभा राहून चेंडू टाकायचा. आणि प्रेक्षकांतल्या माणसाला उभं करून दोन प्रश्नांत त्याची मजा काढायची, यात त्याचा हात कुणी धरत नाही. आता सांगा, ही कला स्टँडअपची की तुमच्या पैठणीच्या खेळाची?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०१३ ला सेट जळाला, तरी शो चालू राहिला. जानेवारी २०१६ ला चॅनेल सुटलं, एप्रिलमध्ये सोनीवर नवीन शो. मार्च २०१७ ला विमानात कपिल आणि सुनील ग्रोव्हरचं भांडण, सुनील बाहेर, त्याच वर्षी शो बंद. २०१८ चा 'फॅमिली टाइम' काही भागांतच आटोपला. डिसेंबर २०१८ ला परत उभा राहिला, आणि मार्च २०२४ पासून नेटफ्लिक्सवर, सुनील ग्रोव्हरसकट.

यातलं एक मला फार बोलकं वाटतं. एकट्यानं, स्वतःबद्दल, तासभर उभं राहून बोलायचा त्याचा कार्यक्रम नेटफ्लिक्सवर आला जानेवारी २०२२ मध्ये. दारू, नैराश्य, रात्री पंतप्रधानांना केलेलं ट्विट, सगळं त्यात आहे. म्हणजे देशातला सगळ्यात मोठा कॉमेडी निवेदक झाल्यावर, स्पर्धा जिंकल्यापासून पंधराएक वर्षांनी, तो 'मी' म्हणून माइकसमोर आला. तेव्हा उलटा रस्ता म्हणाल तर तो कपिलनंसुद्धा तुडवलाय.

मिरजेची_माई

वाकडी वाट, लिहिलंयस छान, पण एक राहिलं. त्याच शोमध्ये कपिलच्या बायकोचं काम करणारीच्या ओठांवरून किती वर्षं विनोद चालले? सुमोना चक्रवर्ती बिचारी दर आठवड्याला ऐकून घ्यायची. आणि बाईचं काम करायला पुरुष, कारण दाढीमिशीवाल्याला साडी नेसवली की अर्धं हसू फुकटात मिळतं.

खेळवाले भाऊ, तुमच्या धंद्यातही हेच चालतं. मी हळदीकुंकवाला जाते तेव्हा ऐकते ना. "वहिनी, वजन किती", "सासूबाई आल्यात का, मग हळू बोलूया". सगळ्या हसतात, कारण समोर हसायचंच असतं. घरी येताना रिक्षात काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येत नाही. पुण्यातल्या पोरांनी मोबाईल बघितला, ते मैदानातल्या बायकांनी तोंडावर करायचं टाळलं इतकंच.

जुना_नाटकवाला

माई, पुरुषानं बाईचं काम करणं ही टीव्हीची देणगी नव्हे हो. तमाशातल्या गौळणीत मावशी पुरुषच असतो. पण फरक आहे, आणि तो तुमच्या बाजूनं आहे. मावशीवर कुणी हसत नाही, मावशी हसवते. कृष्णाला आणि पेंद्याला ती उभ्या-उभ्या सोलते. लगाम तिच्या हातात असतो.

विषय निघालाच आहे तर सांगतो. सांगलीकरांनी या बाबतीत कुणाकडं बघायची गरज नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा सुरुवात कशी व्हायची? सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा, मग विदूषक वेडेवाकडे चाळे करत यायचा आणि दोघांची जुंपायची. नटांची भाषणं पाठ नसत, ती जागेवर सुचतील तशी. सूत्रधार मात्र शेवटपर्यंत रंगमंचावर उभा. म्हणजे निवेदक आणि विनोदवीर ही दोन वेगळी माणसं आहेत आणि दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, हे आपल्या गावात पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी ठरलेलं आहे.

तमाशाच्या बतावणीत तेच. सरदार सरळ प्रश्न विचारणार, सोंगाड्या उलटं उत्तर देणार. आमच्या कवलापूरच्या काळू-बाळूंचं हवालदाराचं काम ज्यांनी कनातीत बसून पाहिलंय त्यांना मी काय सांगणार! जुळे भाऊ, एकासारखा एक, कोण काळू आणि कोण बाळू यावरच पहिली दहा मिनिटं जायची. 'जहरी प्याला'तले ते दोन शिपाई बघायला लोक बैलगाड्या जुंपून यायचे. लिहून दिलेलं थोडं, बाकी समोरचं गाव बघून.

तेव्हा तुमचा प्रश्न मी असा मांडेन. आजवर तुम्ही सरदाराचं काम करत आलात, आता सोंगाड्या व्हायचंय. आणि स्टँडअपमध्ये अडचण अशी की दोन्ही कामं एकाच माणसानं करायची.

खेळवाला_कराड

नाटकवाले काका, दंडवत. हे कधी असं डोक्यात आलंच नव्हतं.

माई, तुमचं लागलं, पण बरोबर आहे. वजनाचा जोक मी करत नाही. सासूचा करतो.

मिरजेची_माई

सासू मीच आहे.

ओहायोत_मिरजकर

इकडचं थोडं टाकतो. उलटा गेलेला कुणी आहे का असं विचारलंत. आहे, आणि लहान माणूस नाही. जॉनी कार्सन.

अमेरिकेत रात्रीचा टॉक शो म्हटलं की हे नाव. 'द टुनाइट शो' त्यानं १ ऑक्टोबर १९६२ पासून मे १९९२ पर्यंत, तीस वर्षं चालवला. पण त्याच्या आधी? लहानपणी नेब्रास्कात जादूचे प्रयोग, मग रेडिओ, आणि १९५७ ते १९६२ दुपारच्या एका प्रश्नमंजुषेचं निवेदन. 'हू डू यू ट्रस्ट?' नाव होतं. साधी नवरा-बायको मंडळी यायची, प्रश्न थोडे आणि आधीच्या गप्पा जास्त. लोक त्या गप्पांसाठीच बघायचे. दुपारी, गृहिणी प्रेक्षक, बक्षीस, नवरा-बायको. दादा, हा पैठणीचा खेळच झाला की! तिथून उचलून त्याला देशातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसवलं.

आणि त्या खुर्चीत त्यानं काय केलं? रोज सुरुवातीला उभं राहून मोनोलॉग, आणि मग तासभर दुसऱ्याचं ऐकणं. पाहुण्याच्या विनोदावर तो इतका मनापासून हसायचा की पाहुणा मोठा व्हायचा. नवीन कॉमेडियनचा सेट (म्हणजे स्टेजवरची त्याची पाच-सात मिनिटं) आवडला तर त्याला बाजूच्या कोचावर बोलवायचा. १९७३ मध्ये फ्रेडी प्रिन्झ नावाच्या कोवळ्या पोराला असं बोलावलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचं आयुष्य बदललं.

डेव्हिड लेटरमनचं पण बघा. इंडियानापोलिसच्या टीव्हीवर हवामान सांगायचा, त्यातच टवाळी करायचा. १९८० मध्ये सकाळचा शो मिळाला, तो काही महिन्यांत बंद पडला. १९८२ ला रात्रीचा मिळाला आणि २०१५ पर्यंत तो रात्रीच्याच टीव्हीवर होता. माणूस तोच, वेळ चुकली होती.

अजून एक, पैशाचं. लॉस एंजेलिसच्या ज्या क्लबातून हे सगळे वर आले तिथं स्टेजवर उभं राहायचे पैसे मिळत नव्हते. शिकायला जागा देतो, पैसे कसले, असं म्हणणं. १९७९ मध्ये कॉमेडियन मंडळींनी चक्क संप केला, लेटरमन आणि जे लेनो पण त्यात होते, आणि सेटमागं २५ डॉलर कबूल करून घेतले. तेव्हा पुण्यात फुकट उभं राहावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका, पण ते कायमचं पण धरू नका.

हळदबाजार

आपल्याकडं १९९७ ला शेखर सुमन 'मूव्हर्स अँड शेकर्स'मध्ये हेच करायचा. सूट, मोनोलॉग, बँड, पुढाऱ्यांच्या नकला. कॉलेजात असताना बघितलंय. आज तसलं कुणी करून दाखवा टीव्हीवर. मार्च २०२५ ला मुंबईत एका स्टँडअपवरून हॅबिटॅटची, जिथं तो शो झाला त्या जागेची, तोडफोड करून काय अवस्था केली बघितली ना. खेळवाले, तुमचे तर बुकिंग करणारेच पुढारी. जपून.

विटेकर_माईकवाला

मी विट्याचा, नोकरी पुण्यात, संध्याकाळी ओपन माइक. टीव्हीवर गेलेलो नाही, जायची घाई पण नाही. तांत्रिक तेवढं सांगतो.

तुमचं पुण्यात का पडलं? पैठणीच्या खेळात लोक पैठणीसाठी थांबतात. ओपन माइकला पैठणी नाही. लोकांनी तिथं का थांबायचं याचं उत्तर दर पंधरा-वीस सेकंदाला द्यावं लागतं. मैदानावर तुमच्या मागं ऑक्टोपॅडवाला असतो, जोक पडला तरी तो 'ढिश' करून उचलतो. नाही उचलला तर तुम्ही गाणं लावता. इथं मागं नुसती भिंत.

दुसरं. तुमच्याकडचं सगळं 'तुम्ही' आहे. वहिनी तुम्ही कुठल्या, दाजी तुम्ही काय करता, लग्नात भेट काय दिली. याला आमच्यात क्राउडवर्क म्हणतात, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा दहापट चांगलं येत असणार. पण ते संपल्यावर 'मी' काय? तुम्हाला कशाचा राग येतो, कशाची लाज वाटते, घरात तुम्हाला कोण काय म्हणतं? पाच मिनिटं असं पाहिजे की समोर कोण बसलंय याच्याशी त्याचा संबंध नसेल.

तिसरं, सामान संपतं. पूर्वी आपल्या सातारच्या औंधला टाकलेला जोक पुसेसावळीत ताजा असायचा. पब्लिक वेगळं. तमाशाचा फड पण त्यावरच चालला, एकच वग वर्षभर वेगवेगळ्या जत्रांत. आता औंधमधल्या कुणी रील टाकला की पुसेसावळीच्या आधी जोक पोचलेला असतो. टीव्हीचं तर विचारूच नका. वर्षभर घासून केलेली सात मिनिटं एका रविवारात खपतात, म्हणून तिथं लेखकांची फौज लागते. 'हास्यजत्रा' बघून मला चॅनेलवर जायचंय म्हणणाऱ्या पोरांना मी हेच सांगतो, ते स्किट आहे, तिथं नट लागतात आणि लिहिणारे लागतात, आणि ती वेगळी तालीम आहे.

खेळ सोडू नका. खेळाचे पैसे येतात म्हणून तुम्ही इथं पडायला मोकळे आहात. कराडहून पुणं दीडशे किलोमीटरच्या वर आहे, दर आठवड्याला जमणार नाही. महिन्यातनं एकदा या, पण आला की एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी करा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि हसू कुठं आलं ते ऐका, स्वतःचं भाषण ऐकू नका. आणि इथं लिहा की. तुमच्या धंद्यातलं एखादं टाका. पोस्टमॉर्टेम करायला आम्ही बसलोयच.

खेळवाला_कराड

टाकतो. खरं घडलेलं आहे, गाव सांगत नाही.

"आमच्याकडं साहेबांचा वाढदिवस असला की पैठणीचा खेळ असतो. आता पैठणीवर भागत नाही, पहिलं बक्षीस फ्रीज. खेळ संध्याकाळी सहाला चालू होतो. बक्षीस साहेबांचं भाषण झाल्यावर. आधी दिलं तर भाषणाला फक्त फ्रीज उरेल. तर तो फ्रीज स्टेजवर मध्यभागी ठेवलेला. मी म्हटलं, जरा उघडून दाखवूया का महिलांना? कार्यकर्ता पळत आला. म्हणला, उघडायचा नाही. म्हटलं का? म्हणला, आत साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या गार करायला ठेवल्यात. म्हणजे मागनं वायर काढून फ्रीज चालू केलेला! रात्री साडेदहाला एक वहिनी जिंकल्या. मी माइक दिला, म्हटलं वहिनी, फ्रीज तुमचा झाला, आता झकास उखाणा घ्या. वहिनी म्हणाल्या, आधी बाटल्या काढा. तर मंडळी, असं असतं आपल्याकडचं राजकारण, देतात एका हातानं आणि वापरतात आपणच."

हळदबाजार

आधी बाटल्या काढा 😂😂😂 मेलो

विटेकर_माईकवाला

हे सोन्यासारखं आहे आणि तुम्ही पुण्यात सासूचे जोक मारत होता?

कापाकापी. "खरं घडलेलं आहे" स्टेजवर म्हणायचं नाही. "आता पैठणीवर भागत नाही" काढा, सरळ "पहिलं बक्षीस फ्रीज". "भाषणाला फक्त फ्रीज उरेल" ठेवा, तो पहिला हशा. वायरचं वाक्य बाटल्यांच्या आधी यायला पाहिजे. फ्रीजची वायर मागं कुठंतरी गेलेली मला दिसली, मी म्हटलं हा चालू कसा, मग कार्यकर्ता, मग बाटल्या. आत्ता तुम्ही हसू आल्यावर समजावून सांगताय.

जुना_नाटकवाला

राजकारणाचं शेवटचं वाक्य उडवा. सोंगाड्या कधी तात्पर्य सांगत नसतो.

मिरजेची_माई

मला वेगळंच दिसलं. यातली टाळी वहिनींची आहे, तुमची नाही. आणि ती तुम्ही त्यांना दिलीत, काढून घेतली नाहीत. असले असतील तर मी भावे नाट्यमंदिरात तिकीट काढून येईन.

पण मग स्टेजवर वहिनींचा आवाज काढू नका बाई बारीक करून. साध्या आवाजात म्हणा.

खेळवाला_कराड

साध्या आवाजात म्हटलं तर हसतील का पण?

विटेकर_माईकवाला

जास्त हसतील. दमलेल्या बाईचा आवाज. सहापासून साडेदहापर्यंत बसलीय ती.

आणि एक करा, त्या साडेदहाच्या आधी साहेबांच्या भाषणातलं एखादं वाक्य टाका, पाण्याबद्दलचं. टेंभू योजना, टंचाई, "पाण्याचा थेंब न् थेंब तुमच्या दारात आणणार" असलं काहीतरी. मग बाटल्यांना दुप्पट येईल.

वाकडी_वाट

आयला, हे भारी आहे. पाणी तुमच्या दारात, आणि बाटल्या तिच्या फ्रीजमध्ये.

विटेकर_माईकवाला

ते बोलायचं नाही, ते लोकांनी जोडायचं. दादा, पुढच्या आठवड्यात कधी येताय ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमचं नाव यादीत टाकून ठेवतो. दुचाकीवर येऊ नका, रात्रीचा खंबाटकी घाट लागतो.

खेळवाला_कराड

गुरुवारी जमेल. शुक्रवारी उंब्रजला खेळ आहे, पहिलं बक्षीस वॉशिंग मशीन. आत काय ठेवलंय बघून येतो.